विश्लेषण : निवृत्तीनंतर पुन्हा विमान उडवायचेय? अमेरिकेत एक अर्ज सगळे दरवाजे का बंद करू शकतो?

अमेरिकेत खासगी वैमानिकाच्या परवान्याला मुदत नसते आणि वयाची कमाल मर्यादाही नसते. ६५ वर्षांची अट आहे ती प्रवासी विमान कंपन्यांच्या वैमानिकांना. मुदत संपते ती वैद्यकीय प्रमाणपत्राची. त्यामुळे नोकरी-संसारात उड्डाण सुटलेला हौशी वैमानिक साठीनंतर परततो, तेव्हा पहिला प्रश्न तब्येतीचा असतो.

मार्ग किती?

तीन. पहिला ‘थर्ड क्लास’ प्रमाणपत्राचा. त्यासाठी विमान वाहतूक नियामक ‘एफएए’ने नेमलेल्या डॉक्टरकडे तपासणी करावी लागते. चाळिशीनंतर ते २४ महिनेच चालते.

दुसरा, मे २०१७ पासून लागू झालेला ‘बेसिकमेड’. यात कोणत्याही परवानाधारक डॉक्टरकडून दर ४८ महिन्यांनी तपासणी आणि दर २४ महिन्यांनी ऑनलाइन अभ्यासक्रम पुरेसा असतो. नोव्हेंबर २०२४ पासून सहा प्रवासी नेता येतात, पण भाडे घेता येत नाही.

तिसरा ‘स्पोर्ट पायलट’चा. इथे गाडी चालवण्याचा परवाना चालतो. प्रवासी मात्र एकच.

मेख कुठे आहे?

‘बेसिकमेड’साठी १५ जुलै २००६ किंवा त्यानंतर एक दिवस तरी वैध वैद्यकीय प्रमाणपत्र हातात असायला हवे. पन्नाशीतल्या वैमानिकाने शेवटची तपासणी २००३ मध्ये केली असेल, तर प्रमाणपत्र २००५ मध्येच संपले. त्याला आधी ‘थर्ड क्लास’ मिळवावेच लागते.

हृदयविकाराचा झटका आला असेल किंवा झडप बदलली असेल, तर ‘एफएए’ची विशेष मंजुरीही लागते. ‘बेसिकमेड’साठी ती प्रत्येक आजारासाठी एकदाच घ्यावी लागते.

अर्ज फेटाळला तर?

शेवटचा अर्ज नाकारला गेला असेल, तर ‘बेसिकमेड’ही मिळत नाही आणि गाडीच्या परवान्यावर उडण्याची सवलतही जाते. म्हणजे तोच आजार असलेल्या दोघांपैकी ज्याने अर्जच केला नाही, तो ‘स्पोर्ट पायलट’ म्हणून उडू शकतो. ज्याने प्रामाणिकपणे विचारले, तो जमिनीवर राहतो. अर्ज न करणाऱ्यालाही मोकळे रान नाही. उड्डाणास बाधक आजार आहे हे ठाऊक असताना उडणे नियमबाह्यच आहे. पण तो निर्णय त्याचा त्यानेच घ्यायचा असतो.

मग करायचे काय?

फॉर्म भरण्याआधी जुने रिपोर्ट आणि औषधांची यादी घेऊन तपासणी डॉक्टरचा फक्त सल्ला घ्यावा. तब्येतीचे पार पडले तरी प्रशिक्षकासोबत ‘फ्लाइट रिव्ह्यू’ चुकत नाही : किमान एक तास जमिनीवर, एक तास हवेत.

भारतात खासगी वैमानिकालाही ‘डीजीसीए’चे वर्ग-२ वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. अमेरिकेने ज्येष्ठांसाठी वाट सोपी केली खरी, पण आजार लपवण्यापेक्षा सांगणे महाग पडू नये, याची सोय अजून झालेली नाही.