मागची गाडी दिसते आहे ना?

सहल म्हटली की आपल्याला डबा, सतरंजी आणि खिडकीजवळची जागा आठवते. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी मात्र अशी एक सहल निघते, की तिच्यात पहिला विचार पाण्याचा करावा लागतो आणि दुसरा मागे राहणाऱ्या माणसाचा. सिम्पसन वाळवंट ओलांडणाऱ्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांच्या ताफ्याचा एक दिवस कसा जातो, ते आज पाहू.

हे वाळवंट सुमारे १ लाख ७६ हजार चौरस किलोमीटरचे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून मोठे. त्यात वाळूच्या अकराशेहून अधिक लांबच लांब टेकड्या एकीमागे एक उभ्या आहेत. पश्चिमेच्या माउंट डेअरपासून पूर्वेच्या बर्ड्सव्हिल गावापर्यंत वाटेत कुठेही पेट्रोल-डिझेल मिळत नाही. इंधन, अन्न, पाणी सारे बरोबर न्यावे लागते. तिकडचा उन्हाळा आपल्या हिवाळ्यात येतो, म्हणून १ डिसेंबर ते १५ मार्च हा भाग प्रवाशांना बंद असतो. लोक जातात ते जून ते ऑगस्टच्या थंडीत.

पहाटे उठावे तर अंगावरच्या पांघरुणावर दव गोठलेले. चहा होतो, शेकोटी पूर्ण विझवली जाते आणि माणसे गाड्यांखाली वाकतात. वाळलेल्या गवताच्या काड्या तापलेल्या धुराड्याशी अडकल्या, तर गाडी पेट घेऊ शकते; त्या आधी काढायच्या. चाकांतली हवा नेहमीच्या निम्म्यापर्यंत उतरवलेली असते. हवा कमी झाली की टायर पसरतो, वजन जास्त जागेवर विभागले जाते आणि चाक वाळूत रुतत नाही. पुढे उंच काठीवर नारिंगी निशाण बांधलेले असते. टेकडीपलीकडून कुणी येत असेल तर त्याला गाडीच्या आधी ते निशाण दिसावे, हा हेतू.

मग ताफा निघतो. पहिली गाडी टेकडीच्या माथ्यावरून रेडिओवर सांगते, "समोरून कुणी नाही, या." चढ जमला नाही तर गाडी आडवी वळवायची नाही, कारण ती उलटते. सरळ रेषेत मागे खाली यायचे आणि पुन्हा प्रयत्न करायचा. रुतलीच, तर सगळे उतरतात, फावड्याने वाळू काढतात, दोर बांधून ओढतात. असे करता करता दिवसभरात शंभर किलोमीटरही होत नाहीत आणि त्याची घाई कुणाला नसते.

या प्रवासाचा एक नियम फार मोलाचा आहे. प्रत्येक चालकाने आपल्या मागच्या गाडीची जबाबदारी घ्यायची. ती आरशात दिसेनाशी झाली की थांबायचे. तुम्ही थांबलात की तुमच्या पुढचाही थांबतो आणि अखेर सारा ताफा उभा राहतो. शेवटची गाडी मुद्दामच अनुभवी माणसाकडे देतात.

हा नियम उगाच झालेला नाही. डिसेंबर १९६३ मध्ये याच भागातल्या बर्ड्सव्हिल वाटेवर एका कुटुंबाच्या मोटारीतले इंधन संपले. भर उन्हाळा, आणि मागेपुढे पाहणारे कुणी नाही. गाडी सोडून ते पायी निघाले आणि आईबाप व मुले मिळून पाचही जण तहानेने गेले. तेव्हापासून तिकडे लहान मुलालाही सांगतात, की गाडी सोडू नकोस आणि एकटा जाऊ नकोस.

दुपारी ताफा पोपेल कॉर्नर नावाच्या खांबापाशी पोहोचतो. इथे तीन प्रांतांच्या सीमा मिळतात. फोटो काढले जातात, वाळवंट पहिल्यांदा कुणी ओलांडले याच्या गोष्टी निघतात. पुस्तकात नाव येते टेड कॉल्सन या गोऱ्या माणसाचे, साल १९३६. पण उंट घेऊन त्याच्याबरोबर तीच वाट चालणारा पीटर एन्स हा मूळनिवासी होता. त्याचे नाव किती जण घेतात?

त्याहून जुनी गोष्ट तर वंगकंगुरू लोकांची. नकाशावर जिथे कोरी जागा दाखवत, तिथे त्यांची घरे होती. टेकड्यांमधल्या खोलगट जागी ते अरुंद, खोल विहिरी खणत; त्यांना ते मिकिरी म्हणत. १८८६ साली डेव्हिड लिंडसे हा प्रवासी आत शिरला, तेव्हा या विहिरी त्याला स्थानिक वाटाड्यानेच दाखवल्या. १९०० च्या सुमारास हे लोक वाळवंट सोडून कडेच्या वस्त्यांकडे गेले आणि विहिरी वाळूने बुजत गेल्या. पुढे लुईस हर्कस या विदुषीने, ज्या विद्यापीठात संस्कृत शिकवत, म्हाताऱ्या माणसांजवळ बसून त्यांची भाषा, गाणी आणि विहिरींची नावे टिपून ठेवली. नाहीतर तीही बुजली असती.

ही भूमी कुणाचीच नव्हती, हा जुना सिद्धांत ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या माबो खटल्यात फेटाळला. २०१४ साली वंगकंगुरू आणि यार्लुयांडी लोकांचा आपल्या भूमीवरचा हक्क न्यायालयाने मान्य केला. २०२१ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाने इथे सुमारे ३६ लाख हेक्टरचे राष्ट्रीय उद्यान जाहीर केले, तेव्हा नावात आधी त्यांचा शब्द आला: मुंगा-थिर्री, म्हणजे मोठ्या वाळूटेकड्यांचा मुलूख.

संध्याकाळी गाड्या गोलाकार लावतात. उद्याचे पाणी मोजून बाजूला ठेवतात, मग स्वयंपाक. एकाची टाकी गळली असेल तर सगळ्यांच्या टाक्यांतून थोडे थोडे त्याला मिळते. त्यात कुणी उपकार मानत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांना ते वाळवंट पाहायला मिळणार नाही. पण मुलांना नकाशात ते जरूर दाखवा आणि पीटर एन्सचे नाव सांगा. आपल्या घरातून, वस्तीतून कुणी शिकून पुढे गेले असेल, नोकरीला लागले असेल, त्यालाही ताफ्याचा तो नियम सांगा. पुढे जायचे ते जरूर जा. पण मधूनमधून आरशात पाहा, मागची गाडी दिसते आहे ना? दिसत नसेल तर थांबा.