फायनलच्या दिवशीची हजेरी

फायनल जवळ आली की आमच्या बदलापूर लोकलच्या ग्रुपवर माहितीचा पाऊस सुरू होतो. टॉस जिंकून किती जण हरले, कोणत्या मैदानावर कोणता अंपायर आपल्याला पनवती ठरला, कोणी शून्यावर आऊट होण्यात विक्रम केला. या चिल्लर माहितीची मला मनापासून आवड आहे. वर्षानुवर्षं एकाच डब्यात घामाघूम उभं राहणाऱ्या माणसांना कल्याणपर्यंत बोलायला काहीतरी लागतंच.

मागच्या वेळी मात्र त्यात एक वेगळा मेसेज आला. 'तुम्हाला माहीत आहे का? १९४४ च्या पेंटॅंग्युलर फायनलमध्ये मुस्लिम संघाने हिंदू संघाला एका विकेटने हरवलं. नाबाद शतक ठोकणारा के. सी. इब्राहिम पुढे पाकिस्तानात निघून गेला.' खाली हसणारा चेहरा. मग एकाने मला टॅग करून विचारलं, "काय भाई, उद्या कोणाकडून?"

ग्रुपवर मी उत्तर दिलं नाही. इथे देतो.

पहिली गोष्ट म्हणजे मेसेजमधली माहिती खरी आहे. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर झालेल्या त्या फायनलमध्ये मुस्लिम संघाने २९८ धावांचं लक्ष्य एक विकेट राखून गाठलं आणि इब्राहिम १३७ धावांवर नाबाद राहिला. तो नंतर कराचीला गेला, हेही खरं. पण खरी माहितीही अर्धी सांगून लबाडी करता येते. फाळणी झाली १९४७ साली. त्यानंतर, नोव्हेंबर १९४८ मध्ये, दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध भारताची सलामी द्यायला हाच इब्राहिम उतरला होता. पदार्पणातच ८५ आणि ४४. त्या मालिकेत तो भारताकडून चार कसोटी खेळला. हे त्या मेसेजमध्ये का नाही? त्याच मुस्लिम संघातला मुश्ताक अली इंदूरचा. १९३६ साली मॅंचेस्टरला विजय मर्चंटबरोबर त्याने २०३ धावांची सलामी दिली आणि परदेशात कसोटी शतक करणारा पहिला भारतीय ठरला. तो कुठेही गेला नाही. २००५ साली इंदूरमध्येच वारला. हेही मेसेजमध्ये नाही. कारण राहिलेल्या माणसावर हसणारा चेहरा लावता येत नाही.

दुसरी गोष्ट त्या स्पर्धेबद्दल. ती आधी युरोपियन आणि पारशी यांच्यात होती. १९०७ मध्ये हिंदू आले, १९१२ मध्ये मुस्लिम आणि १९३७ मध्ये 'द रेस्ट', म्हणजे उरलेले. इंग्रजांनी फोडलं आणि आपण फुटलो, असं म्हणून हात झटकता येणार नाहीत. जिमखाने आपलेच होते. पारशी, इस्लाम आणि हिंदू असे तिन्ही जिमखाने आजही मरीन ड्राइव्हला शेजारी शेजारी उभे आहेत. खेळाडूची जात-धर्म पाहून टोपी देण्याचं काम आपल्याच प्रतिष्ठित मंडळींनी आनंदाने केलं.

ही वाटणी किती खुळी होती ते विजय हजारेंवरून समजतं. माणूस सांगलीचा, भाषा मराठी, पण ख्रिस्ती. म्हणून ते 'उरलेल्यां'त गेले. १९४३-४४ च्या फायनलमध्ये हिंदू संघाविरुद्ध फॉलोऑननंतर 'उरलेल्यां'च्या ३८७ धावा झाल्या, त्यातल्या ३०९ एकट्या हजारेंच्या. भाऊ विवेकबरोबर त्यांनी ३०० धावांची भागी केली, त्यात भावाच्या धावा होत्या २१. क्विझमध्ये हा प्रश्न नेहमी येतो. सांगलीचा मराठी माणूस स्वतःच्या गावात 'उरलेला' कसा ठरला, हा प्रश्न मात्र कोणी काढत नाही.

आणि जे 'हिंदू' संघात होते त्यांचं काय? पळवणकर बाळू हे त्या काळातले सर्वोत्तम फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरहून अधिक बळी घेतले. पण चर्मकार समाजातले, म्हणून पुण्यात त्यांना चहा पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात मिळायचा. विकेट घ्यायला हिंदू आणि चहा प्यायला अस्पृश्य. कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. ते १९२३ साली त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं, तेही बऱ्याच झगड्यानंतर. धर्माच्या नावावर संघ काढणाऱ्यांना स्वधर्मातली माणसंही एका टेबलावर बसवता आली नव्हती.

१९४० साली गांधीजींनी ही जमातवार क्रिकेट नको असं स्पष्ट सांगितलं. १९४६ मध्ये स्पर्धा बंद झाली. संघ मोडले, पण हजेरी घेणं चालू राहिलं. फायनलच्या दिवशी डब्यातल्या साठ माणसांमध्ये एकालाच विचारलं जातं, "तुम्ही कोणाकडून?" बाकीच्या एकोणसाठांना नाही.

खरं सांगतो, माझ्याकडे उत्तर तयार होतं. २४ सप्टेंबर २००७, जोहान्सबर्ग. टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल. भारत ५ बाद १५७, पाकिस्तान सर्वबाद १५२. सामनावीर कोण? इरफान पठाण, १६ धावांत ३ बळी, त्यात पाकिस्तानचा कर्णधार शोएब मलिकसुद्धा. सामना संपल्यावर मलिकने जगभरच्या मुसलमानांचे आभार मानले. आम्हाला न विचारताच त्याने आम्हाला आपल्या बाजूला मोजलं होतं, आणि त्याचीच विकेट वडोदऱ्याच्या एका मुअज्जिनाच्या मुलाने काढली होती. हे सगळं मी टाइप केलं. मग पुसून टाकलं.

का पुसलं? कारण हे प्रमाणपत्र दाखवलं की ते मागणाऱ्याचा हक्क मान्य केल्यासारखं होतं. आणि त्या प्रमाणपत्राची मुदत पुढच्या सामन्यापर्यंतच असते. ऑक्टोबर २०२१ मध्ये दुबईत पाकिस्तानने आपल्याला दहा विकेट्सनी हरवलं. सगळ्यांचीच धुलाई झाली होती, पण शिव्या पडल्या मोहम्मद शमीला, आणि त्या त्याच्या धर्मावरून. विराट कोहली त्याच्या पाठीशी जाहीरपणे उभा राहिला, हे चांगलंच केलं. दोन वर्षांनी वानखेडेवर सेमीफायनलमध्ये शमीने ५७ धावांत ७ बळी घेतले आणि तेच लोक नाचले. या दोन सामन्यांमध्ये शमीचा देश बदलला नव्हता. फक्त स्कोअरकार्ड बदललं होतं. ज्याला दहा षटकांत सात विकेट काढता येत नाहीत अशा, माझ्यासारख्या पास काढून प्रवास करणाऱ्या माणसाने मग काय दाखवायचं?

आता घरातलंही बोलतो. अकरा जणांत 'आपले' किती, हे आमच्याकडेही मोजतात. काही पोरं चिडून पाकिस्तानसाठी टाळ्या वाजवतात. मी त्यांना सांगतो की बाबांनो, तुम्ही त्या मलिकचीच मोजणी बरोबर ठरवताय. मला ते पटत नाही. पण टाळी वाजवणं हा देशद्रोह आहे असं म्हणणाऱ्यांनी एक आठवावं. १९९० साली इंग्लंडमध्ये नॉर्मन टेबिट नावाच्या खासदाराने हीच कसोटी आपल्या लोकांना लावली होती, की इथे राहता तर क्रिकेटमध्ये टाळ्या कोणासाठी वाजवता? ओव्हलवर तिरंगा फडकवणाऱ्या आपल्या माणसांना ती लागू केली की आपल्याला राग येतो. तो रास्तच आहे. मग तोच राग बदलापूरला आल्यावर कुठे जातो?

आमच्या ग्रुपवरचा एक जण आता न्यू जर्सीला असतो. तो सुपर बोलची माहिती पाठवतो. जानेवारी १९८८ च्या बाविसाव्या सुपर बोलमध्ये डग विल्यम्स हा फायनलला क्वार्टरबॅक म्हणून सुरुवात करणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. वॉशिंग्टनने सामना ४२-१० ने जिंकला आणि सर्वोत्तम खेळाडूही तोच. ही माहिती मला उपयोगी वाटते, कारण ती ऐकून विल्यम्सला काही विचारावंसं वाटत नाही. आधीच्या एकवीस फायनलमध्ये दार कोणी लावून घेतलं होतं, हे विचारावंसं वाटतं. बाळूंच्या चहाची माहितीही अशीच. जी माहिती दार लावणाऱ्याला प्रश्न विचारते ती जरूर पाठवा. दाराबाहेरच्या माणसाची झडती घेणारी पाठवू नका.

फायनल मी बघणार आहे. घरी, मुलांबरोबर, जोरजोरात ओरडत. कोणाकडून, ते सांगणार नाही. ज्या दिवशी डब्यातल्या साठही जणांना विचाराल, त्या दिवशी माझाही नंबर आला की सांगेन.