इटालियन पेन निबेवरून जोखावे

इटलीत बनणारी महागडी शाईची पेने दोन अगदी वेगळ्या हौसांपोटी घेतली जातात. एक हौस लिहिण्याची, दुसरी दागिन्याची. दुकानाच्या काचेआड दोन्ही प्रकार शेजारी शेजारी मांडलेले असतात आणि किमतीही डोळे विस्फारायला लावणाऱ्याच असतात, त्यामुळे फरक चटकन लक्षात येत नाही. बासानो देल ग्राप्पा या गावी १९१२ पासून पेने बनवणाऱ्या मोंतेग्राप्पा कंपनीचेच पाहा. सिल्व्हेस्टर स्टॅलोनच्या कल्पनेतून उतरलेले, कवट्या आणि साप कोरलेले ‘केऑस’ तिचेच, आणि सेल्युलॉइडच्या देहाचे, निबेखाली एबोनाइटचा (कडक रबराचा) फीड असलेले ‘एक्स्ट्रा १९३०’ही तिचेच. पहिले हातात धरून पानभर मजकूर लिहावा असे कुणाला वाटेल, याची मला शंका आहे. दुसरे मात्र लिहिण्यासाठीच घडवलेले आहे. इटालियन पेनांचा मोठेपणा या दुसऱ्या परंपरेत आहे आणि चार पैसे जास्त मोजायचे असतील तर ते तिथेच मोजावेत, असे माझे ठाम मत आहे.

या परंपरेची मुळे रोजच्या कामात आहेत. तोरिनोच्या ऑरोरा कंपनीने (स्थापना १९१९) युद्ध संपल्यावर १९४७ मध्ये ‘८८’ हे पेन बाजारात आणले. त्याचा आराखडा मार्चेल्लो नित्सोलीचा. ऑलिव्हेत्तीचे ‘लेत्तेरा २२’ हे हलके, सुटसुटीत टंकलेखन यंत्र पुढे त्यानेच घडवले. दोन्ही वस्तू कचेरीत, प्रवासात, बातमीदाराच्या हातात झिजण्यासाठी होत्या. ‘८८’ची निब जवळजवळ पूर्ण झाकलेली, देह टोकाकडे निमुळता होत गेलेला, वर नक्षी म्हणावी असे काही नाही. १९७० मध्ये ऑरोरानेच मार्को झानूसोकडून ‘हास्तिल’ करवून घेतले. ती धातूची एक सडपातळ, सरळ नळी. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ते आपल्या संग्रहात घेतले. यांपैकी एकातही हिरा-माणिक नव्हते.

आता निबेकडे येऊ, कारण पेनाचे सारे शील तिथे आहे. सोन्याच्या पट्टीतून निबेचा आकार कापला जातो आणि टोकावर एका अतिशय कठीण मिश्रधातूचा बारीकसा मणी जोडला जातो. मग मधोमध केसाएवढी चीर पाडतात आणि तो मणी घासून त्याला लिहिते रूप देतात. चिरेच्या दोन्ही बाजू किंचित वरखाली झाल्या तरी पेन कागद ओरबाडते. निबेखालचा फीड शाई खाली सोडतो आणि तेवढीच हवा आत घेतो. तो एबोनाइटचा असेल तर शाई त्याच्या पृष्ठभागाला चांगली धरते आणि धार तुटत नाही. प्लॅस्टिकचा फीड साच्यातून भराभर निघतो, एबोनाइटचा मात्र कापून काढावा लागतो. ऑरोरा आजही निब आपल्याच कारखान्यात बनवते. तिची निब कागदावर किंचित खरखरते, चांगल्या पेन्सिलीसारखी. काहींना हा दोष वाटतो. मला त्यात हाताला मिळणारा लगाम दिसतो.

फ्लोरेन्सच्या व्हिस्कोंतीची (स्थापना १९८८) वाट वेगळी. तिच्या ‘होमो सेपियन्स’चा देह एट्ना ज्वालामुखीच्या लाव्ह्याची भुकटी राळेत मिसळून केलेला आहे. ऐकायला ही जाहिरातबाजी वाटते, पण त्या खडबडीत, काळपट देहावर घामट बोटेही घसरत नाहीत. मुंबईच्या दमट हवेत लिहिणाऱ्याला याचे मोल सांगायला नको. इथे साहित्याची नवलाई लिहिण्याच्या कामी आली आहे. मात्र या पेनाला सुरुवातीला बसवलेली पॅलेडियमची निब जर्मनीतल्या बॉकच्या कारखान्यातून येई. बॉकच्या निबा चांगल्या असतात, त्यात कमीपणा काही नाही. पण तीच निब थोड्याफार फरकाने कितीतरी स्वस्त पेनांतही मिळत असेल, तर उरलेले पैसे आपण कशाचे देतो, हे गिऱ्हाइकाने विचारलेच पाहिजे.

यावर असे म्हटले जाते की, श्रीमंतांसाठी काढलेल्या दागिनेवजा पेनांच्या मर्यादित आवृत्त्यांवरच कारखाने तगतात; त्या बंद केल्या तर कारागीरही जातील. युक्तिवाद वजनदार आहे, पण अनुभव त्याला पुरती साथ देत नाही. बोलोन्यात आर्मांदो सिमोनीने १९२५ मध्ये काढलेली ओमास बारा पैलूंच्या सेल्युलॉइड पेनांसाठी नावाजलेली होती. सेल्युलॉइड हे फार सोशीकपणे हाताळावे लागणारे साहित्य: चटकन पेट घेणारे, कापराच्या वासाचे, आणि महिनोन् महिने सुकू दिल्याशिवाय न कातता येणारे. ती कंपनी २००० मध्ये फ्रान्सच्या एलव्हीएमएच या चैनीच्या वस्तूंच्या बड्या समूहाकडे गेली, पुढे आणखी हात बदलले आणि २०१६ मध्ये बंद पडली. दागिन्यांनी ओमास बुडवली, असे मी म्हणणार नाही. पण मर्यादित आवृत्त्या काढूनही ती वाचली नाही, हे खरे. नेपल्सजवळच्या डेल्टाचा कारखानाही थंडावला. त्याच्या एका संस्थापकाच्या घरातूनच २०१८ मध्ये लिओनार्दो ही कंपनी उभी राहिली. तिने रंगीत राळेची, साध्या पोलादी निबेची पेने आवाक्यातल्या किमतीत देऊन जगभर गिऱ्हाईक मिळवले. निब बाहेरची आहे हे तिथे लपत नाही आणि किंमतही त्याच मानाने असते.

दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा आहे: याहून कमी पैशांत पायलट किंवा सेलर यांचे जपानी पेन घ्यावे, त्याची निब डबीतून काढल्याक्षणी निर्दोष चालते. हे मान्यच करावे लागेल. एकसारखेपणात जपानी पेने सरस आहेत, आणि महागड्या इटालियन पेनाची निब दुरुस्तीला न्यावी लागणे ही क्षम्य गोष्ट नाही. मराठी लिहिणाऱ्याला तर आणखी एक अडचण आहे. जपानी निबांच्या मानाने इटालियन निबा जाड उमटतात. त्यांच्या मध्यम निबेने बारीक अक्षरात लिहिले तर ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांच्या गाठी बुजतात. चपट्या टोकाच्या निबेने उभा दांडा ठळक येतो आणि शिरोरेषा मात्र बारीक पडते. म्हणून देवनागरीसाठी ऑरोराची बारीक निब मागावी आणि दुकानात ‘ज्ञानेश्वर’ लिहूनच पारखावी. एवढे मान्य करूनही मी इटालियन पेनाची बाजू घेतो, ती त्याच्या हातातल्या तोलासाठी, एबोनाइट आणि सेल्युलॉइडच्या उबदार स्पर्शासाठी आणि तोरिनोत निब घासणाऱ्या त्या माणसांसाठी. ऑरोराचे साधे काळे ‘८८’ अजूनही बनते. मोंतेग्राप्पाच्या चांदीने मढवलेल्या पेनाच्या किमतीत तशी दोन-तीन सहज येतील.