वादळी हंगामातली स्वस्त क्रूझ: जहाज सुरक्षित, बेताचे काय?

कॅरिबियन क्रूझची तिकिटे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये स्वस्त का मिळतात? अटलांटिकमध्ये १ जून ते ३० नोव्हेंबर हा हरिकेनचा, म्हणजे चक्रीवादळांचा हंगाम असतो आणि १० सप्टेंबरच्या आसपास त्याचा जोर सर्वाधिक असतो. जून-जुलैत वादळे कमी; तरी २०२४ मध्ये 'बेरिल' जुलैच्या सुरुवातीलाच पाचव्या श्रेणीत पोहोचले.

जहाज सहसा वादळात सापडत नाही. वादळ बहुधा ताशी २०-२५ किमीने सरकते. जहाज ३५ किमीहून वेगाने जाते. कॅप्टन वळसा घालतो. पण वादळाच्या लाटा शेकडो किलोमीटर दूर पोहोचतात. जहाज डोलते, प्रवाशांना मळमळते.

खरी मेख करारात आहे. बंदर बदलण्याचा किंवा वगळण्याचा अधिकार कंपन्या स्वतःकडे ठेवतात आणि त्याची भरपाई सहसा मिळत नाही. वादळाला नाव मिळाल्यानंतर काढलेला विमाही बहुधा त्या वादळापुरता निरुपयोगी ठरतो.

सुरक्षिततेसाठी मार्ग बदलणे योग्यच. मात्र ही अट सवलतीइतक्याच ठळक अक्षरांत छापायला हवी. तोवर प्रवाशांनी बुकिंगसोबतच विमा घ्यावा आणि परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवावा. तिकिटात वाचलेले पैसे ही अनिश्चिततेची किंमत आहे.