स्पॉटिफाय लॉसलेससाठी १०० रुपये जास्त द्यायचे का? आधी घरातल्या रिसीव्हरची घरघर ऐका

नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पॉटिफायने भारतात प्रीमियमचे तीन तुकडे केले. लाइट १३९ रुपये, स्टँडर्ड १९९ आणि प्लॅटिनम २९९ रुपये महिना. लाइटमध्ये १६० केबीपीएस, स्टँडर्डमध्ये ३२० केबीपीएस आणि प्लॅटिनममध्ये लॉसलेस, म्हणजे २४ बिट / ४४.१ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज. अ‍ॅपल म्युझिक २०२१ पासून लॉसलेस वेगळे पैसे न घेता देतंय, त्यामुळे स्पॉटिफाय उशिरा आलं आणि वर पैसेही मागतंय, अशी तक्रार बऱ्याच जणांनी केली. ती बरोबरच आहे. पण मला पडलेला प्रश्न वेगळा होता : हे जास्तीचे १०० रुपये माझ्या घरात ऐकू येणार का?

घर सातपूर कॉलनीत. पप्पांनी तीस वर्षं सातपूर एमआयडीसीत प्रेस शॉपमध्ये काढली. बोनसच्या पैशातून त्यांनी एक जपानी एव्ही रिसीव्हर आणि दोन मोठे स्पीकर घेतले होते. सीडी प्लेअर बंद पडल्यावर तो सेट शोकेसमध्ये शोभेला उरला. मी प्लॅटिनम घेतलं, लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून लाल-पांढऱ्या पिनची वायर रिसीव्हरला लावली आणि पप्पांना बोलावलं. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "हे मागे काय घुर्र करतंय?"

मी गाणं थांबवलं, तरी घुर्र चालूच. लॅपटॉपचा चार्जर काढला आणि आवाज गायब!

याला ग्राउंड लूप म्हणतात. आमचा लॅपटॉपचा चार्जर तीन पिनांचा, म्हणजे त्याला घराचं अर्थिंग. रिसीव्हरला सेट-टॉप बॉक्सही जोडलेला, आणि त्याची केबल बाहेरच्या लाइनमधून दुसरीकडे कुठेतरी अर्थ झालेली. दोन्ही अर्थिंगच्या पातळीत थोडा फरक असतो. मग ऑडिओ वायरच्या जाळीतून बारीकसा प्रवाह वाहतो आणि आपल्या वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची फ्रिक्वेन्सी (आणि तिच्या पटी) स्पीकरमधून ऐकू येते. गाण्याची फाइल कितीही भारी असो, ही घरघर तिच्यानंतर मिसळते.

ओळखीच्या वायरमनने उपाय सांगितला : चार्जरच्या जाड पिनला टेप मार. घरघर थांबते, हे खरं आहे. पण कृपया असं करू नका. ती पिन आपला जीव वाचवायला असते. आत काही शॉर्ट झालं, तर करंट अर्थिंगमधून न जाता लॅपटॉपच्या मेटल बॉडीत किंवा रिसीव्हरच्या पत्र्यावर येऊ शकतो. गाणं बदलायला हात लावणारे आपणच असतो.

सरळ उपाय म्हणजे ऑप्टिकल केबल. तिच्यातून वीज जातच नाही, प्रकाश जातो. लॅपटॉप आणि रिसीव्हर यांच्यात विजेचा संबंध उरत नाही, म्हणून लूपच तुटतो. बहुतेक नव्या लॅपटॉपला ऑप्टिकल पोर्ट नसतं, म्हणून मी यूएसबीला लागणारं, ऑप्टिकल आउटपुट असलेलं छोटं साउंड कार्ड घेतलं. केबलसकट साधारण बाराशे रुपये गेले, म्हणजे प्लॅटिनम आणि स्टँडर्डमधला वर्षभराचा फरक. यात अजून एक फायदा झाला. डिजिटल सिग्नलचं अ‍ॅनालॉगमध्ये रूपांतर आता लॅपटॉपमधली चिप करत नाही, रिसीव्हरमधला डीएसी करतो. एचडीएमआय इनपुट असलेला रिसीव्हर असेल तर तेही डिजिटलच आहे, फक्त घरघर गेली का ते ऐकून बघा, कारण ती केबल तांब्याचीच असते.

आणि ब्लूटूथ? आपल्यापैकी बहुतेकजण रिसीव्हरला ब्लूटूथचं डोंगल लावून मोकळे होतात. पार्टीला ठीक आहे. पण लॉसलेसचे पैसे भरून ब्लूटूथवर ऐकणं म्हणजे पूर्ण डब्याचे पैसे देऊन अर्धा डबा घेणं. सीडीचा आवाज १४११ केबीपीएसचा, आणि ब्लूटूथचा साधा एसबीसी कोडेक जास्तीत जास्त ३२८ च्या आसपास. फोन गाणं आधी उलगडतो आणि पाठवताना पुन्हा दाबतो. सोनीचा एलडीएसी ९९० पर्यंत जातो, पण दोन्ही बाजूंना तो असावा लागतो आणि सिग्नल कमी झाला की तोही खाली येतो. ब्लूटूथची बँडविड्थ लॉसलेसला पुरत नाही, हे खुद्द स्पॉटिफायच सांगतं.

लॅपटॉपवरच्या सेटिंगचा फार बाऊ करू नका. विंडोजमध्ये साउंडच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन फॉरमॅट २४ बिट, ४४१०० हर्ट्झ करा, म्हणजे विंडोज प्रत्येक गाणं ४८००० मध्ये बदलत बसणार नाही. खरं सांगायचं तर हा बदल कानाला कळणं अवघडच, पण फुकट आहे. लॅपटॉपचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवा आणि आवाज कमी-जास्त रिसीव्हरवरून करा. रिसीव्हरवर 'हॉल', 'स्टेडियम' असले मोड असतील तर बंद करून 'स्टिरिओ' किंवा 'डायरेक्ट' दाबा. अँड्रॉइड फोन यूएसबी डीएसीला जोडणार असाल, तर अँड्रॉइड १४ पासून आवाज न बदलता थेट पाठवायची सोय आली आहे, पण अ‍ॅपनेही ती वापरायला हवी.

घरघर गेल्यावरही बेस पोकळ वाटत होता. दोन तास इक्वलायझरशी खेळलो. शेवटी स्पीकरच्या मागे बघितलं, तर एकाची लाल आणि काळी वायर उलटी! दिवाळीत रंगकाम झालं तेव्हा कुणीतरी काढून घाईत लावली असणार. एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, त्यामुळे बेस एकमेकांत विरून जातो. इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन हे शेवटी तपासलं, याची बहिणीने भरपूर टिंगल केली.

मग खरी परीक्षा. बहीण क्वालिटी बदलणार आणि मी पाठ करून ओळखणार : ३२० की लॉसलेस? 'सैराट'ची गाणी निवडली, कारण त्यातला ऑर्केस्ट्रा हॉलिवूडच्या स्टुडिओत रेकॉर्ड झालाय आणि वाद्यं भरपूर आहेत. दोन्हींचा आवाज सारखा ठेवला, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमी 'चांगला' वाटतो. २० पैकी ११ बरोबर आले. नाणं उडवूनही साधारण इतकेच येतात. महागड्या सेटवर एखाद्याला जास्त कळतीलही. माझ्या हॉलमध्ये, फरशी आणि उघड्या भिंतींच्या मध्ये, नाही कळले. स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे ओढले आणि खाली सतरंजी टाकली, तो फरक मात्र सगळ्यांना ऐकू आला.

पप्पांची गोष्ट आणखी वेगळी. कारखान्यातल्या आवाजाने होणारं नुकसान बहुधा ४ किलोहर्ट्झच्या आसपास सुरू होतं, आणि वयानुसार वरच्या फ्रिक्वेन्सी तशाही जातात. ३२० मध्ये जे थोडं कापलं जातं, ते मुख्यतः त्याच्याही कितीतरी वर असतं. शिवाय त्यांना हवं असतं 'गीतरामायण'. ते १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालं. त्या काळच्या टेपवर जे उतरलंच नाही, ते २४ बिट आणणार कुठून? यूट्यूबवरून काढून '३२० केबीपीएस' नाव दिलेल्या एमपी३चंही तेच आहे.

मोबाइल डेटावर ऐकत असाल तर हेही बघा. ३२० ला तासाला सुमारे १४४ एमबी लागतात, लॉसलेसला साधारण ४०० ते ६००. रोजचा दीड जीबी अडीच ते पावणेचार तासांत संपतो.

महिना संपल्यावर मी प्लॅटिनमवरून स्टँडर्डवर आलो. पप्पा आता संध्याकाळी स्वतःच लॅपटॉप उघडतात. त्यांना टीव्हीच्या बातम्याही याच स्पीकरवर हव्या आहेत. टीव्हीला ऑप्टिकल आउटपुट आहे, पण रिसीव्हरला ऑप्टिकल इनपुट एकच. तेव्हा रविवारी एक छोटा ऑप्टिकल स्विच शोधायला बाजारात जायचं आहे.