ओठांवर बोट ठेवलेल्या तिघी

बी.ए.च्या वर्गात ‘मॅकबेथ’ शिकवताना चेटकिणींचा प्रवेश आला की मुले खूश असतात. निम्मा वर्ग घरी कन्नड बोलणारा. त्यामुळे मी ‘चेटकीण’ म्हटले की मागच्या बाकावरून ‘माटगाती’ असा पुकारा होतोच. यंदा मी हेन्री फ्युसेलीचे चित्र दाखवले. तिघींचे चेहरे बाजूने, एकीमागे एक. वाकडी नाके, एक हात समोर ताणलेला, दुसऱ्याचे बोट ओठांवर.

फ्युसेली (१७४१–१८२५) मूळचा झुरिचचा. धर्मोपदेशक झाला होता. पण मित्राबरोबर एका भ्रष्ट अधिकाऱ्याचे बिंग फोडले आणि गाव सोडावे लागले. लंडनमध्ये चित्रकार म्हणून नावाजला. शेक्सपिअरची भुतेखेते त्याने शाईत रेखाटली, तैलरंगात रंगवली. या तिघी १७८३ साली रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात लागल्या आणि इतक्या गाजल्या की १७९१ मध्ये गिलरे या व्यंगचित्रकाराने त्यांच्या जागी चक्क मंत्र्यांचे चेहरे बसवले!

वर्ग हसला. एक मुलगी मात्र म्हणाली, “सर, आमच्या गल्लीतली आज्जी अशीच दिसते. तिच्या दारावरून पोरांना जाऊ देत नाहीत.” आज्जी हा शब्द तर आपल्या दोन्ही भाषांचा. माझा तास तिथेच थांबला.

कारण चित्र लागण्याच्या आदल्याच वर्षी, १७८२ च्या जूनमध्ये, फ्युसेलीच्या झुरिचपासून फार लांब नसलेल्या ग्लारुस गावी आना ग्योल्डी नावाच्या मोलकरणीचा शिरच्छेद झाला होता. मालक बडा माणूस, डॉक्टर आणि न्यायाधीश. त्याच्या मुलीच्या दुधात टाचण्या सापडल्या, पुढे पोरगी टाचण्या ओकू लागली म्हणे. छळ करून आनाकडून कबुली घेतली. निकालपत्रात ‘चेटूक’ हा शब्द मात्र टाळला, विषप्रयोग लिहिला. म्हणजे लाज त्यांनाही वाटत होती. लंडनचे रसिक ज्या आकृती पाहून शहारत होते, तसल्याच आरोपावरून एका बाईचे डोके उडाले होते. ग्लारुसच्या विधिमंडळाने तिला निर्दोष ठरवले ते २००८ साली!

आपण त्यांना नावे ठेवू नयेत. सातपुड्यात, नंदुरबारपासून सुरतेकडच्या आदिवासी पट्ट्यापर्यंत, ‘डाकीण’ ठरवून बाईला छळल्याची प्रकरणे होत आली आहेत. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात कायदा झाला. अमकी करणी करते असे पसरवून तिचे जगणे मुश्कील करणे हा त्याने गुन्हा ठरवला. कर्नाटकचा कायदा २०१७ चा, गुजरातचा २०२४ चा. पण पोरांना दारावरून जाऊ न देणे कुठल्या कलमात बसवणार?

‘मॅकबेथ’ मी शिकवणारच. शिरवाडकरांचा ‘राजमुकुट’ आणि कारंतांनी यक्षगानाच्या अंगाने बसवलेले ‘बरनम वन’ यांबद्दलही सांगणार. चित्र मात्र यापुढे आना ग्योल्डीच्या गोष्टीशिवाय दाखवणार नाही.

ती मुलगी परवा स्टाफरूमच्या दाराशी आली. आज्जीकडे जाऊन आली होती. आज्जीने ताक दिले, केस विंचरून दिले, आईची चौकशी केली.

“घरी सांगितलंस?” मी विचारले.

“अजून नाही, सर.”