साद आणि साक्ष

आज नाताळ. शेजारच्या ख्रिस्ती घरावर चांदणीचा कंदील लागतो, तेथून करंज्या-लाडवांचे ताट येते आणि आपण ते आनंदाने स्वीकारतो. परंतु तोच शेजारी आपल्या प्रभूविषयी चार शब्द बोलू लागला की आपल्या मनात पाल चुकचुकते. हा आपल्याला बाटवावयास तर आला नाही ना? ही शंका सर्वस्वी निराधार आहे, असे आम्ही म्हणणार नाही. गोमंतकात १५६० मध्ये स्थापन झालेल्या इन्क्विझिशनची आठवण पुसली गेलेली नाही. तथापि शंका हा धर्मविचाराचा शेवट नव्हे. ख्रिस्ती मनुष्याला आपली श्रद्धा दुसऱ्यास सांगाविशी का वाटते, हे आजच्या दिवशी तरी समजून घ्यावयास हवे.

ख्रिस्ती धर्मात श्रद्धेचा आरंभ हाकेपासून होतो. गालीलच्या सरोवरात जाळे टाकणाऱ्या शिमोन व अंद्रिया या कोळी बंधूंना येशूने हाक मारली आणि ते जाळी तेथेच टाकून निघाले. ख्रिस्तानुयायांना पकडून आणावयास दिमिष्काच्या वाटेने निघालेल्या शौलाच्या कानीही हाकच आली आणि त्याचा पौल झाला. यापुढे या मंडळींनी गावोगाव जे सांगितले, ते त्यांच्या दृष्टीने त्या हाकेला दिलेले उत्तर होते. ज्याला साद ऐकू आली, त्याने मौन राहावे कसे?

ही भावना आपल्याला परकी आहे काय? नामदेवरायांनी विठ्ठलभक्तीचा ध्वज पंजाबपर्यंत नेला. त्यांची पदे गुरु ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. याचा आपल्याला अभिमान वाटतो. लाभलेला आनंद घरात कोंडून ठेवता येत नाही, हे ज्या भूमीत कीर्तनाच्या रंगणात शतकानुशतके सिद्ध झाले, तिला साक्ष देणाऱ्याचे अंतःकरण कळू नये, हे नवल होय.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण तर आपल्या घरातलेच आहे. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ ठेविला. डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे ख्रिस्ताविषयी त्यांनी जे सांगितले, ते अभंगांतून आणि कीर्तनांतून. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्या भक्तांनाही त्यात स्थान ठेविले.

मात्र या कथेची दुसरी बाजू लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. हाक पतीला आली होती, पत्नीला नव्हे. संसार दुभंगला, आणि त्याचे दुःख लक्ष्मीबाईंनी काही वर्षे एकटीने सोसले. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना डोळे पाणावतात ते याच ठिकाणी. पुन्हा एकत्र आल्यावर टिळकांनी पत्नीला तिचे सोवळे पाळू दिले. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाचा कौल घेऊन. आपल्याला आलेली हाक दुसऱ्यावर आज्ञा म्हणून लादावयाची नसते, हा धडा त्या घराने महाराष्ट्राला दिला.

बायबलमध्येच याची खूण आहे. शोमरोनातील एक स्त्री विहिरीवर येशूशी बोलली आणि घागर तेथेच ठेवून गावात धावली. या आणि पाहा, एवढेच तिचे सांगणे. गावकरी आले, त्यांनी स्वतः ऐकले आणि नंतर ते तिला म्हणाले की आता आमचा विश्वास तुझ्या शब्दांवर अवलंबून नाही. सांगणाऱ्याने येथे बाजूस व्हावयाचे असते. पुढचा व्यवहार ऐकणारा आणि त्याचा देव यांच्यातला.

आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्मप्रसाराचा हक्क दिला आहे. तर दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितले. परंतु कायद्याहूनही सूक्ष्म अशी एक कसोटी आहे. जेथे धाक आला, आमिष आले, दुसऱ्याच्या दैवताची निंदा आली, तेथे साद संपली आणि सौदा सुरू झाला. असा सौदा ख्रिस्ताचाही अपमान आहे, हे प्रचारकांनी ओळखावे. आणि जो निर्लोभपणे, नम्रपणे आपला अनुभव सांगतो, त्याचे दोन शब्द ऐकून घेतल्याने आपले देवघर डळमळत नाही, हे आपण ओळखावे. ज्या घरात रोज सांजवात लागते, त्या घराला शेजाऱ्याच्या दिव्याचे भय कशास?